मे महिन्यात दोघांची सायकल सफर: पुणे, महाबळेश्वर, आंबेनळी, कोकण. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी आणि नवरा, दोघंही चाळिशी ओलांडलेले, राहायला सिंहगड रोडला. मे महिन्यात सायकलींवर सामान लादून आठवडाभर फिरायचं ठरतंय. ‘डिसेंबरात जा’ हा सल्ला घरातल्या सगळ्यांनी देऊन झालाय, तेव्हा तो इथे पुन्हा नको. मी शाळेत शिकवते, नवरा चाकणला कारखान्यात आहे. दोघांची रजा एकत्र जुळते ती मेमध्येच.

रस्ता साधारण असा: कात्रजचा जुना घाट, शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाट्याला आत वळून वाई. पसरणी चढून पाचगणी, महाबळेश्वर. तिथून आंबेनळीने पोलादपूर, मग खेड, दापोली, केळशी. वेसवीला फेरीबोटीत सायकली चढवून बागमांडला, पुढे हरिहरेश्वर, श्रीवर्धन, माणगाव आणि ताम्हिणी चढून घरी. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. म्हणजे आम्ही मधे दापोलीकडे भटकून का होईना, तिच्या सोबतीने डोंगर उतरतो आणि तिच्याच मुखाशी बोटीत बसतो. नकाशावर हे दिसल्यापासून मी हट्टालाच पेटलेय.

अडचण नवऱ्याची आहे. (तो हे वाचणार आहे, हरकत नाही म्हणालाय.) सपाटीला तो माझ्या पुढे असतो, चढाला मागे पडतो. त्याला घाम फार. मार्चमध्ये सराव म्हणून सिंहगड चढत होतो. दहा वाजून गेले होते, ऊन चटकायला लागलं होतं. एका वळणावर त्याच्या पोटरीत असा गोळा आला की सायकल आडवी टाकून कठड्यावर बसला. काळ्या टी-शर्टवर पाठभर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले. आणि पाणी तो सारखं पीत होता बरं का, दोन्ही बाटल्या रिकाम्या होत्या. मग पाणी पिऊनही असं का?

दुसरं म्हणजे वेगाचं. चढावर मी पुढे जाऊन थांबते. तो पोचेपर्यंत माझा दम खाऊन झालेला असतो, म्हणून तो आला की मी निघते. म्हणजे त्याला बसायलाच मिळत नाही. यावरून आमची भांडणं होतात, खोटं कशाला बोलू. जोडीने फिरणारे लोक यावर काय करतात?

त्याच्या सायकलला पुढे लहान चकती ३० दातांची आणि मागे सर्वांत मोठी २८ ची. माझी पुढे २४, मागे ३४. दोन्ही सायकलींना रिम ब्रेक आहेत (चाकाच्या कडेवर रबर दाबणारे). रस्ता, वेळा, गिअर, काय बदलावं ते मोकळेपणाने सांगा.

घाटवेडा

दिशा बरोबर पकडली आहे. उलट फिरलात तर शेवटी पोलादपूरहून महाबळेश्वर चढावं लागेल, म्हणजे जवळपास समुद्रसपाटीपासून तेराशे मीटर, चाळीसेक किलोमीटर सलग, आणि तेही कोकणातल्या दमट हवेतून सुरुवात करून. मेमध्ये ते नको.

पण पुणे ते महाबळेश्वर एका दिवसात करायचा विचार असेल तर सोडा. पहाटे चारला घर सोडा, दिवे नीट हवेत, मागचा लाल तर हवाच हवा. मे महिन्यात सहाच्या सुमारास उजाडतं, तोवर कात्रज मागे पडलेला असतो. खंबाटकी नऊच्या आत चढून झाला पाहिजे. घाट लांबीला छोटा आहे, पण ट्रक रांगत चढत असतात आणि त्यांच्या धुरात तुम्हीही. दहा-साडेदहापर्यंत वाईत पोचून खोली घ्या आणि सरळ झोपा. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर, ढोल्या गणपतीपाशी निवांत बसा. दुसऱ्या दिवशी उजाडताना पसरणी.

पसरणी बारा-एक किलोमीटरचा, सहाशे मीटरच्या आसपास चढ. सिंहगड त्याहून कडक आहे, त्यामुळे सिंहगड ज्याने सकाळी सातला चढलाय त्याला पसरणीची भीती नाही. भीती आहे ती शनिवार-रविवारची. मेच्या सुट्टीत अख्खं पुणे-मुंबई गाड्या घेऊन याच घाटात असतं. मंगळवार-बुधवार गाठा. कोणी भोरवरून मांढरदेवमार्गे वाईला जा म्हणून सुचवेल, हायवे टळतो म्हणून. थंडीत मीही तेच सांगितलं असतं. उन्हाळ्यात तिकडे सावली नावालाच आहे आणि चढ जास्त उभा.

पाणपोई

मी दवाखान्यात काम करते, शिवाय सायकल चालवते, म्हणून लिहिते.

पाणी पिऊनही गोळे का आले? घामातून पाण्याबरोबर मीठही जातं, आणि तुमच्या मिस्टरांच्या टी-शर्टवरचे पट्टे सांगतात की त्यांचं बरंच जातं. त्यात नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. दरवेळी मीठच कारण असतं असं नाही, दमलेला स्नायूही गोळा देतो, आणि त्यांच्या सायकलचा गिअर वाचून मला दोन्हीची शंका येतेय.

ओआरएसची पाकिटं घ्या, डब्ल्यूएचओ फॉर्म्युला असं छापलेली. टेट्रापॅकमधली गोड पेयं नव्हेत. पाकीट संपलं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, लहान चमचा. मीठ अंदाजाने टाकायचं नाही. कोकणात कोकम सरबत जागोजागी मिळेल, त्यात मीठ घालून मागा.

आता एक काम करा. निघण्याआधी एका सकाळी दोघांनी वजन करा, तासभर घाट चढा, घाम पुसून पुन्हा वजन करा. कमी झालेला प्रत्येक किलो म्हणजे एक लिटर, त्यात मधे प्यायलेलं पाणी मिळवा. कुणाला तासाला किती लागतं ते कळेल. दोघांचा आकडा वेगळा निघेल. हे वजन बाहेरगावच्या मापांवर नको, घरच्याच काट्यावर करा.

अंगाला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. तेव्हा एप्रिलच्या शेवटी रोज थोडं थोडं उन्हात चालवा, थेट मेमध्ये उडी नको. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका, त्यातल्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी आणि मीठ जास्त जातं.

आणि हे पाठ करून ठेवा: डोकं दुखणं, मळमळ, थंडी वाजल्यासारखं होणं, इथेच थांबायचं. माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला तर तो उष्माघात समजा. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. ‘जरा बसतो, होईल बरं’ असं तो माणूस म्हणणारच, त्याचं ऐकायचं नाही.

सुटी साखळी

गिअरचं गणित सरळ आहे. ३० आणि २८ वर पायडलच्या एका फेरीत सायकल सव्वादोन मीटरच्या वर जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी आठ-साडेआठ. सामानासकट पसरणीत हा वेग तास-दीड तास टिकवायचा म्हणजे मांड्यांचं काम, नाहीतर फेऱ्या कमी करून दात-ओठ खाणं. गोळे तिथेच येतात. मागे ३४ चा कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) बसवा, त्याच फेऱ्यांत सातच्या खाली जाता येईल. मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, लांब केजचा (लांब दांडीचा) आहे का ते आधी बघून घ्या, साखळीही वाढवावी लागेल.

वेगाच्या भांडणावर माझ्याकडे उपाय आहे: जड सामान तुम्ही घ्या, ताई. तंबू-बिंबू असेल तर तो, हत्यारं, जास्तीचं पाणी, सगळं तुमच्या पॅनियरमध्ये (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्यांत). त्यांच्याकडे फक्त कपडे. दोघांचा वेग आपोआप जवळ येतो. आम्ही घरी हेच करतो, फक्त उलट. चहाच्या टपरीवर कोणीतरी तुमच्या मिस्टरांना ‘बाईमाणसाला ओझं दिलंत होय’ म्हणून ऐकवेल, तेवढी तयारी ठेवा. आणि पुढे जाऊन थांबायचं असेल तर तो पोचल्यापासून घड्याळ लावायचं, तुम्ही पोचल्यापासून नाही.

आंबेनळी उतरताना खरी काळजी. सामान लादलेली सायकल, रिम ब्रेक आणि तेराशे मीटरचा उतार. ब्रेक दाबून धरत गेलात तर रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा, वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही. प्रतापगड फाट्याला, वाडा कुंभरोशीला उतरून चहा प्या. रिमला बोट लावायचं तर थुंकी लावून आधी बघा. निघण्याआधी ब्रेकचे रबर नवे टाका आणि जुने बरोबर ठेवा. २०२१ च्या जुलैच्या पावसात हा रस्ता ठिकठिकाणी खचला होता, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी महाबळेश्वरात रस्त्याची चौकशी करा.

गुहागरकर

वहिनी, डिसेंबरात जा.

धागाकर्ती

@गुहागरकर, तुमची आणि माझ्या सासूबाईंची ओळख करून द्यायला हवी.

बाकीच्यांचे मनापासून आभार. सामानाची आयडिया नवऱ्याला इतकी आवडली की त्याने लगेच माझ्या कॅरिअरची मापं घेतली. कॅसेटचं काम या शनिवारी. वजनाचा प्रयोग आज सकाळी केला. त्याचा घाम तासाला दीड लिटरच्या जवळ जातो, माझा त्याच्या निम्मा. मी आजवर दोघांना सारखंच पाणी भरत होते!

आता उरलं ताम्हिणी. शेवटच्या दिवशी माणगावहून चढायचा धीर करावा का?

घाटवेडा

ताम्हिणीचे फोटो बघून जाऊ नका, ते सगळे पावसाळ्यातले. मेमध्ये एकही धबधबा वाहत नसतो, आणि निजामपूर, विळे हा घाटाखालचा पट्टा भट्टीसारखा तापतो. किनाऱ्यावर काही दिवस घालवून आलेली माणसं आधीच दमलेली असतात. तिकडे प्रत्येक खाडी संपली की एक चढ येतो, तो हिशेबात कोणी धरत नाही. शिवाय मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारनंतर घाटमाथ्यावर वळीव येतो. विजा असतातच, आणि पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येऊन डांबर निसरडं होतं.

चढायचंच असेल तर रात्री विळ्याला किंवा निजामपूरला मुक्काम करून पहाटे. नाहीतर माणगावहून एसटी.

धागाकर्ती

एसटीत सायकली घेतात का पण? दोन, आणि पॅनियर?

गुहागरकर

घेतात. टपाला शिडी आणि कॅरिअर असलेली गाडी हवी, ती येईपर्यंत स्टँडवर थांबा. कंडक्टरला आधी विचारा, सामानाचं तिकीट फाडतो. वर चढवायला हमाल नसला तर दोरी तुमची, हात तुमचे. पॅनियर काढून आत घ्या, पायडल वळवून काढलेत तर शेजारच्या पोत्यांत अडकत नाहीत. १५ नंबरचा पाना बरोबर असू द्या. डावं पायडल उलटं फिरतं.