उत्तर: उत्तर: तक्त्यातला अरबी रकाना उलटा आलाय, शनिवारच्या आत बघा

प्रेषक: सिस्टर (सुट्टीवर, सध्या नांदेड)
गुरुवार, रात्री

मंडळी, घाईत लिहायले. आखातात नर्स म्हणून जाणाऱ्या पोरींसाठी आपण केलेल्या दुखण्याच्या शब्दांच्या तक्त्याचं प्रूफ आज हातात पडलं. मराठी रकाना ठीक, इंग्रजी ठीक, अरबीचा पार चुथडा. अक्षरं सुटी सुटी आणि तीही डावीकडून उजवीकडं. वजिराबादेतला डीटीपीवाला म्हणायलाय, "ताई, तुमच्या फाइलीतच असं आहे." फाइलीत तसं नव्हतं, मी फोनवर उघडून त्याच्या नाकासमोर धरली. 'अलम' म्हणजे दुखणं. अलिफ, लाम, मीम. ते उलटं पडून मीम, लाम, अलिफ झालंय. म्हणजे 'मला'! आपल्याला वाचायला गोड आहे, पण सौदीतल्या दम्मामच्या म्हाताऱ्याला काय कळणार?

रविवारी दहाला पोरी येणार. एकवीस जणी आहेत, कंधार आणि हिंगोलीहूनही यायल्यात. शनिवार संध्याकाळपर्यंत छापून पाहिजे. मागच्यासारखं झेरॉक्सवर भागव म्हणू नका, ती झेरॉक्स सगळ्यांनी बघितलेली आहे.

---

प्रेषक: अण्णा, मस्कत
शुक्रवार, पहाटे

सिस्टर, मूळ तक्ता केला तेव्हा अरबी लिपीचा रकाना नव्हताच. अरबी शब्द देवनागरीत होते आणि कुणाचं काही अडलं नाही. हा रकाना नंतर कुणी घुसडला ते मी बोलत नाही. नर्सला अरबी वाचायचं नसतं, ऐकायचं असतं. परवान्याची परीक्षा इंग्रजीत, पेशंटचा चार्ट इंग्रजीत, ड्यूटी बदलताना सांगायचं तेही इंग्रजीत. मग ही लिपी काहून? रकाना काढा, तिथं अक्षर मोठं करा. झालं.

माझा तक्ता म्हणून म्हणत नाही.

---

प्रेषक: कोषाध्यक्ष, दोहा

रकान्याचं तुम्ही बघा. लॅमिनेशनचे पैसे कुठल्या खात्यातून? बैठकीत फक्त छपाई ठरली होती. हळदीकुंकवाच्या मंडपवाल्याची पावतीसुद्धा अजून आलेली नाही, तीही याच मेलमध्ये मागून ठेवतो.

---

प्रेषक: चाचा, शारजा

सिस्टर बेटा, तुझी फाइल बरोबर आहे आणि तो पोरगाही खोटं बोलत नाही. त्याचं सॉफ्टवेअर जुनं, मराठी फाँटवर चालणारं. अरबीत एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला वेगळं, मध्ये वेगळं, शेवटी वेगळं आणि एकटं असलं तर आणखी वेगळं दिसतं. जुन्या सॉफ्टवेअरला ही जोडणी येत नाही आणि उजवीकडून डावीकडं लिहितात हेही ठाऊक नसतं. फाइल ओतली की असंच सांडतं. देगलूर नाक्याकडं जा. उर्दू लग्नपत्रिका छापणाऱ्याकडं इनपेज, म्हणजे उर्दूचं सॉफ्टवेअर, असतं, त्याला दाखव. फक्त सांग, नस्तालीक नको, नस्ख पाहिजे, म्हणजे छापील अरबीचं सरळ वळण. नस्तालीक म्हणजे आपल्या पत्रिकांचं लटकतं, तिरपं वळण. अरब माणसाला ते वाचताना अडखळायला होतं.

अण्णा, तुमच्या देवनागरी रकान्याबद्दल बरेच दिवस बोलायचं राहिलंय. त्यात 'ताप'समोर 'बुखार' आहे. अरबीत बुखार म्हणजे वाफ. पोरगी पेशंटला बुखार आहे का विचारेल आणि तो बिचारा वाफाऱ्याचं मशीन शोधत बसेल. तापाला 'हरारा' किंवा 'हुम्मा'.

---

प्रेषक: अण्णा, मस्कत

चाचा, मस्कतमध्ये बुखार म्हटलं की टॅक्सीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना कळतं. मी इथं कालपरवा आलो नाही.

---

प्रेषक: चाचा, शारजा

कळतं, कारण मस्कतमध्ये बऱ्याच लोकांना उर्दू येते. त्यांना उर्दू कळली, अरबी नव्हे. दम्मामला तसं नाही.

यात तुमचा दोष नाही, आपल्या भागाचाच आहे. माझे वडील परभणीला निजामाच्या शाळेत चार इयत्ता उर्दूत शिकले. पुढं १७ सप्टेंबर १९४८ झाला, शाळा मराठी झाली, पण दुखण्याचे शब्द घरात तसेच राहिले. हैदराबादेत १९१८ ला उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि पुढं तिथं डॉक्टरकीसुद्धा उर्दूत शिकवायला लागले. त्यासाठी अरबी शब्द पोत्यानं आणले. म्हणून मराठवाड्याच्या पोरीला निम्मं अरबी फुकट येतं आणि तिला ते ठाऊक नसतं. नजला, जुकाम, बलगम, इलाज, दिमाग जवळजवळ तसेच चालतात. मरीजचं 'मरीद' करा, नब्जचं 'नब्द'. पुस्तकाची जिल्द म्हणतो ना, ती मुळात कातडी. दवाखान्यात 'जिल्दिया' पाटी दिसली की तो त्वचेचा विभाग. पण यातलेच काही शब्द दगा देतात. बुखार त्यातला. जुलाब दुसरा, तिकडं 'इसहाल' म्हणायचं.

---

प्रेषक: फार्मसीवाला, जुबैल

जुलाबावरून आठवलं. इंग्रजी रकान्यात 'लूज मोशन' आहे, ते आधी काढा. हे इंग्रजी फक्त आपल्या देशात चालतं. फिलिपिनो सिस्टरला मोशन म्हणजे हालचाल. 'डायरिया' लिहा. 'पेशंटला बीपी आहे' हेही नको, बीपी सगळ्यांनाच असतं. 'हाय बीपी' म्हणा, अरबीत 'दग्त'. 'शुगर आहे' हे मात्र अरबही म्हणतात, 'सुक्कर' किंवा 'सुक्करी'.

आता माझ्या खिडकीचा मुद्दा, जो तक्त्यात कधीच नसतो. गोळी कशी घ्यायची? एकदा 'मर्रा', दोनदा 'मर्रतेन', तीनदा 'सलास मर्रात'. जेवणाआधी 'गब्ल अल्-अकिल', जेवणानंतर 'बअद अल्-अकिल'. अनशापोटी म्हणजे 'अलर्रीग'. रीग म्हणजे लाळ, सकाळी तोंडात लाळेशिवाय काही नसताना, असा त्याचा अर्थ.

आणि पोरींना बजावून सांगा की 'ओडी' लिहायचं नाही. आपल्याकडं ओडी म्हणजे दिवसातून एकदा. अमेरिकन पद्धतीनं शिकलेल्याला ते उजवा डोळा वाटू शकतं. 'डेली' असं पूर्ण लिहावं. टीडीएस आणि टीआयडी दोन्ही दिसतील, पहिलं ब्रिटिश वळणाचं, दुसरं अमेरिकन. गोळ्या तीनदाच.

---

प्रेषक: काकू, कुवेत

अनशापोटीवरून मला बोललंच पाहिजे. आमच्या सासूबाई उमरग्याहून आल्या होत्या, त्यांची शुगर तपासायला नेलं. मी गाडी लावायला गेले तेवढ्यात आतली नर्स विचारते, "फास्टिंग?" या म्हणाल्या, "येस येस." ती परत अरबीत विचारते, "सायमा?", म्हणजे उपास आहे का. यांनी मान डोलावली, कारण त्या दिवशी एकादशी होती! सकाळी साबुदाण्याची वाटीभर खिचडी, वर राजगिऱ्याचे दोन लाडू. रिपोर्ट आला तो दोनशेच्या वर. डॉक्टर गोळी वाढवायलाच निघाले होते. दोघी अगदी खरं बोलत होत्या.

म्हणून तक्त्यात 'उपाशी आहात का' असं विचारूच नका. शेवटचं कधी खाल्लं, असं विचारा.

आणि बाईला विचारताना शेवटी 'क' नको. पुरुषाला 'वेन यअव्वरक', कुठं दुखतंय. बाईला इकडं 'वेन यअव्वरिच'. च स्वच्छ लावायचा.

---

प्रेषक: अण्णा, मस्कत

काकू, साबुदाण्याऐवजी भगर खाल्ली असती तरी शुगर तेवढीच आली असती. आमच्याकडं एकादशीला आता दोन्ही बंद आहे, शेंगदाण्याचं कूट आणि ताक.

---

प्रेषक: काकू, कुवेत

कूट आणि ताकावर दिवस काढणारा माणूस मी तरी बघितला नाही. मंडळाच्या आषाढीला तुमच्या ताटात काय होतं ते फोटोत आहे.

---

प्रेषक: सिस्टर, नांदेड
शुक्रवार, रात्री

एकादशी नंतर करा. देगलूर नाक्याला जाऊन आले. काम होतंय, उद्या दुपारी देतो म्हणालाय.

काकूंचा च बरोबर, दम्मामलाही तोच. पण रियाधकडची बाई ॲडमिट झाली की तिथं 'त्स' ऐकू येतं. पोरींना मी असं सांगणार आहे: कुवेतला चिमणीतला च, नज्दकडं, म्हणजे रियाधच्या भागात, चुलीतला च. मल्याळी पोरी यात अडकतात, आपल्याला दोन्ही घरचेच.

आता अण्णा, लिपी काहून ते सांगते. पहिल्या वर्षी माझ्याकडं एक आजोबा होते. ते छातीवर हात ठेवून म्हणायलेत, "फी दम, फी दम." मी ऐकलं 'दम'. मराठी डोकं. दम लागतोय म्हणून पळत गेले, ऑक्सिजन लावला, पलंगाचं डोकं वर केलं. आजोबा मास्क काढून फेकायलेत आणि बेसिनकडं बोट करायलेत. दम म्हणजे रक्त. खोकल्यातून रक्त पडलं होतं ते सांगत होते. दम्याला त्यांच्यात 'रब्व', श्वासाला 'नफस'. कानानं शिकलेलीच मी, अण्णा, आणि कानानंच फसले.

त्या दिवशी कागद असता तर त्यांनी 'रक्त' वर बोट ठेवलं असतं. हा रकाना नर्सला वाचायला नाहीच, पेशंटला बोट ठेवायला आहे. घशात नळी असलेला बोलू शकत नाही. अर्धांगाचा झटका आलेल्या कित्येकांची जीभ जड होते. त्यांना तुमची देवनागरी वाचता येणार आहे का? ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी माणसाचं चित्र टाकलंय, पुढून आणि पाठीमागून.

खरं अवघड वेगळंच आहे, त्यावर कुणी बोलत नाही. आपण नुसतं 'दुखतंय' म्हणत नाही. कळ येते, ठणकतं, चमक निघते, मुरडा मारतो. पोरी या सगळ्याला इंग्रजीत 'पेन' म्हणतात आणि पेशंटनं चार तऱ्हांनी सांगितलं तरी चार्टवर 'पेन'च चढतं. म्हणून पाच ओळी वाढवल्यात. ठणक्याला 'थ्रॉबिंग'. पोटात मुरडा म्हणजे 'कॉलिक', अरबीत 'मग्स'. लघवीला आग म्हणजे 'बर्निंग', अरबीत 'हरकान'. चक्कर म्हणजे 'दोखा', हा आपला धोका नव्हे. आणि हातापायाला मुंग्या येतात त्याला अरबीत 'तनमील'. नम्ल म्हणजे मुंगी. त्यांनाही मुंग्याच येतात! इंग्रजीत मात्र टाचण्या आणि सुया टोचतात.

---

प्रेषक: कोषाध्यक्ष, दोहा

माणसाचं चित्र रंगीत आहे का? रंगीत असेल तर दर वेगळा पडेल.

---

प्रेषक: फार्मसीवाला, जुबैल

सिस्टर, चित्राखाली जागा उरली तर तातडीचे नंबर टाका. सौदीत ॲम्ब्युलन्स ९९७, अमिरातीत ९९८, कतारला ९९९, कुवेतला ११२, ओमानला ९९९९. पोरी सगळीकडं '१०८' दाबत बसतात.

---

प्रेषक: अण्णा, मस्कत

ठीक आहे, रकाना राहू द्या. पण देवनागरी काढू नका. पहिले तीन महिने तीच कामाला येते, हे मी अनुभवानं सांगतो. आणि ओमानच्या नंबरात चार नऊ आहेत, तीन नाहीत, प्रूफ बघताना मोजा.

---

प्रेषक: सिस्टर, नांदेड
शनिवार, रात्री

छापून आलं. काळंपांढरं आहे, कोषाध्यक्षांनी झोपावं. लॅमिनेशन माझ्या पैशानं केलं, तिकडं पेशंटच्या हातात द्यायचं तर कागद पुसता यायला पाहिजे. अलम आता अलमच आहे, 'मला' नाही. दुकानदाराच्या अब्बांनी एकेक ओळ मोठ्यानं वाचून तपासली आणि 'हरकान' मधली आमची चूक काढली, तिचे पैसे घेतले नाहीत.

मागच्या बाजूला अण्णांचा देवनागरी तक्ता जसाच्या तसा आहे. फक्त बुखार खोडला. नऊ चार आहेत, दोनदा मोजले.

सहा प्रती जास्तीच्या आहेत. मी बुधवारी हैदराबादहून दम्मामला निघतेय. कुवेत आणि जुबैलच्या प्रती घेऊन येते, मस्कतला कुणी जाणार असेल तर कळवा.

---

प्रेषक: काकू, कुवेत

माझ्या प्रतीबरोबर अर्धा किलो भगर टाक. अण्णांना सांगू नको.