जमातीच्या कॅसिनोसाठी दिलेले अनिश्चित कर्ज हिशेबात कसे धरावे?

प्रश्न

आमची कंपनी अमेरिकेतील एका मूळनिवासी जमातीच्या सरकारला नियोजित कॅसिनोसाठी टप्प्याटप्प्याने रक्कम देत आहे. परतफेड फक्त कॅसिनोच्या उत्पन्नातून व्हायची असून तो सुरूच झाला नाही तर जमातीवर कोणतेही बंधन उरत नाही. तो सुरू झाल्यास व्यवस्थापनाचे कंत्राट आमचे असेल आणि म्हणूनच व्याजदर बाजारापेक्षा बराच कमी ठेवला आहे. कॅसिनोची जमीन अद्याप जमातीसाठी संघराज्य सरकारच्या विश्वस्त मालकीत गेलेली नाही आणि तोवर तो उघडता येणार नाही. आजवर मी सगळी रक्कम येणे कर्ज म्हणून दाखवून व्याज दर तिमाहीला उत्पन्नात घेत आलो. लेखापरीक्षकांना ते मान्य नाही. योग्य पद्धत कोणती?

उत्तर १

लेखापरीक्षकांचे म्हणणे मला रास्त वाटते. वसुलीची वाजवी खात्री नसताना साचणारे व्याज उत्पन्नात धरणे थांबवावे, हे पहिले. दुसरे अधिक महत्त्वाचे आहे: कमी व्याजदर हा व्यवस्थापनाच्या हक्कासाठी तुम्ही मोजलेला मोबदला आहे. त्यामुळे प्रत्येक हप्ता देतानाच परतफेडीचे वर्तमान मूल्य बाजारदराने काढून तेवढेच कर्ज मानावे आणि उरलेला भाग कंत्राटाच्या हक्काची अमूर्त मालमत्ता म्हणून वेगळा दाखवावा. जमातींच्या कॅसिनोंचे नियमन करणाऱ्या १९८८ च्या अमेरिकी इंडियन गेमिंग कायद्यानुसार असे कंत्राट साधारणतः पाच आणि विशेष मंजुरीने जास्तीत जास्त सात वर्षांचे असते, म्हणजे या मालमत्तेची किंमत भरून निघायला काळ थोडाच मिळतो. तोवर तिचे मूल्य घटले आहे का, हे तपासत राहावे लागेल.

उत्तर २

कर्जाच्या भागाबद्दल थोडी भर घालतो. अमेरिकी लेखामानकांतील सध्याच्या नियमांनुसार अपेक्षित तोट्याची तरतूद कर्ज दिल्या दिवसापासूनच करावी लागते, नुकसान घडून येण्याची वाट पाहता येत नाही. मात्र असे कर्ज सुरुवातीलाच वाजवी मूल्याने मोजण्याचा पर्याय स्वीकारला तर ही वेगळी तरतूद लागत नाही आणि मूल्यातील चढउतार थेट नफातोट्यात येतो. परतफेड एकाच घटनेवर टांगलेली असल्याने मला हा पर्याय अधिक प्रामाणिक वाटतो. त्यासाठी कॅसिनो उघडण्याची शक्यता प्रत्येक तिमाहीला नव्याने आणि पुराव्यानिशी मांडावी. जमातीची १९३४ मधील स्थिती आवर्जून तपासा, कारण कार्सिएरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये असा निर्णय दिला की जी जमात १९३४ मध्ये संघराज्याच्या अखत्यारीत होती, तिच्यासाठीच त्याच वर्षीच्या कायद्याखाली जमीन विश्वस्त मालकीत घेता येते. इथे अडचण निघाली तर दिलेल्या रकमेचे मूल्य जवळजवळ शून्यावर येऊ शकते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. जमातीने सार्वभौम संरक्षण (म्हणजे तिच्यावर दावा लावता न येण्याची सवलत) सोडल्याचे कलम करारात आहे. ते वसुलीच्या अंदाजात धरता येईल का?

उत्तर ३

कलम असले म्हणून ते टिकेलच असे नाही. लेक ऑफ द टॉर्चेस या जमातीच्या कॅसिनो कंपनीच्या प्रकरणात ५ कोटी डॉलरच्या रोख्यांच्या करारात रोखेधारकांना कॅसिनोच्या कारभारावर इतके अधिकार दिले होते की २०११ मध्ये सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो मंजुरीविना केलेला व्यवस्थापन करार ठरवून रद्द मानला आणि त्यातील संरक्षण सोडण्याचे कलमही त्याच्याबरोबर गेले. तुमच्या कर्जकरारात खर्चावर किंवा नेमणुकांवर नियंत्रण असेल, तर अशा व्यवस्थापन करारांना मंजुरी देणाऱ्या नॅशनल इंडियन गेमिंग कमिशन या संघराज्य संस्थेची मंजुरी मिळेपर्यंत या कलमाच्या भरवशावर तरतूद कमी करू नये.