मदत हवी आहे: कोलेस्टेरॉलच्या गोळीसोबत अँटिऑक्सिडंट कॅप्सूल चालतात का?

कातळफूल

नमस्कार मंडळी, वडिलांसाठी विचारतेय. अण्णा ६९ वर्षांचे, देवगडजवळ गावीच असतात, थोडी हापूसची कलमं आहेत. अँजिओप्लास्टी झालेली आहे. ॲटोर्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), ॲस्पिरिन आणि बीपीची गोळी चालू. बीडी उभी हयात ओढली, अँजिओप्लास्टीनंतर सोडली ती सोडलीच. (काडेपेटी अजून खिशात असते, चुलीसाठी म्हणे!)

गणपतीला मुंबईहून चुलतभाऊ आला तो कॅप्सूलचा मोठा डबा घेऊन. "काका, यानं नसा साफ होतात." झालं! बायपासवाल्या शेजाऱ्यानेही दुजोरा दिला आणि अण्णांनी रोज जेवल्यावर एक सुरू केली. डब्यामागचं बारीक अक्षर उतरवते: बीटा कॅरोटीन १५ मिग्रॅ, ई जीवनसत्त्व ४०० मिग्रॅ, सी ५०० मिग्रॅ, शिवाय सेलेनियम आणि झिंक.

परवा लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) केलं. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ८२, एचडीएल (चांगलं) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) २१२. आधीच्या रिपोर्टला एचडीएल ३८ आणि ट्रायग्लिसराइड १६५ होतं. डॉक्टरांकडे गर्दी, त्यांनी डबा न बघताच "व्हिटॅमिनच ना, चालेल" म्हटलं. मला तेवढ्याने समाधान नाही. आकडे या कॅप्सूलमुळे हलले असतील का? ही अंगात साठून राहते की लघवीवाटे जाते? बंद करायची तर हळूहळू करायची का? आणि अण्णा रोज कोकमाचं आगळ घेतात, तेही अँटिऑक्सिडंटच ना?

माडाखाली

सगळ्या गोळ्या समुद्रात टाका आणि रोज एक आवळा खा. आमचे आजोबा ९२ वर्षं जगले.

कातळफूल

समुद्रात ॲटोर्व्हास्टॅटिनही टाकू का? :) कृपया नेमकं माहीत असेल तर लिहा.

पुडीवाला

ताई, स्टॅटिन आणि ॲस्पिरिनला कोणाच्या सांगण्यावरून हात लावू देऊ नका. प्रश्न फक्त त्या डब्याचा आहे. माझं औषधांचं दुकान आहे, असे डबे मीही विकतो, तेव्हा विरोधात बोलून माझा फायदा काही नाही.

'नसा साफ' हे कुठून आलं ते आधी सांगतो. एलडीएलचे कण धमनीच्या अस्तराखाली शिरतात, तिथे त्यांचं ऑक्सिडेशन होतं, मग पांढऱ्या पेशी ते गिळत सुटतात आणि चरबीने फुगून तिथेच अडकतात. ब्लॉकेजची सुरुवात ती. मग अँटिऑक्सिडंट देऊन ऑक्सिडेशनच रोखलं तर? कागदावर बिनतोड. म्हणून माणसांवर मोठ्या चाचण्या झाल्या. ब्रिटनमधल्या 'हार्ट प्रोटेक्शन स्टडी'त २०,५३६ लोक होते. त्यातल्या निम्म्यांना पाच वर्षं रोज ई ६०० मिग्रॅ, सी २५० मिग्रॅ आणि बीटा कॅरोटीन २० मिग्रॅ दिलं. २००२ साली निकाल आला: रक्तातली जीवनसत्त्वं छान वाढली, हार्ट ॲटॅक एकानेही घटले म्हणावं असं काही नाही. उलट एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड किंचित वर सरकले. त्याच चाचणीत स्टॅटिनचा फायदा मात्र ठळक दिसला.

एचडीएलबद्दल २००१ ची एक छोटी अमेरिकन चाचणी आहे, १६० रुग्णांची. सिम्व्हास्टॅटिन (हेही स्टॅटिनच) आणि नियासिनने (बी-३ जीवनसत्त्व) एचडीएल वाढत होतं, त्यात अँटिऑक्सिडंटची जोड दिली तर ती वाढ दबली. अण्णा नियासिन घेत नाहीत, त्यामुळे हे त्यांना जसंच्या तसं लावू नका. ३८ चं ३४ एवढा फरक तर दोन तपासण्यांमध्ये असाही पडतो. रक्त उपाशीपोटी दिलं होतं का? आदल्या रात्री काय जेवले?

मला खरी भीती त्या १५ मिग्रॅ बीटा कॅरोटीनची वाटते, बीडीमुळे. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत निम्म्यांना रोज २० मिग्रॅ देऊन पाहिलं होतं, कॅन्सर कमी होईल या आशेने. १९९४ साली निकाल: फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये याच कारणाने मुदतीआधी थांबवावी लागली. 'आता सोडली की' म्हणाल, तर २०१३ मध्ये डोळ्यांच्या गोळ्यांवरच्या अभ्यासात बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये हा कॅन्सर जास्त दिसला आणि त्यातले बहुतेक जण धूम्रपान सोडलेलेच होते. गाजर, भोपळा बिनधास्त खाऊ दे, हे कॅप्सूलच्या डोसबद्दल आहे.

सी लघवीवाटे जातं. ई आणि बीटा कॅरोटीन चरबीत विरघळतात, यकृतात आणि अंगावरच्या चरबीत मुरतात आणि सावकाश उतरतात. म्हणूनच हळूहळू बंद करायची गरज नाही, शरीर आपोआप हळूहळूच सोडतं. जास्त डोसचं ई आणि ॲस्पिरिन एकत्र आलं की रक्त गोठायला वेळ लागू शकतो. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं का, अंगावर काळेनिळे डाग आहेत का, ते विचारा. डबा घेऊनच डॉक्टरांकडे जा, नुसतं 'व्हिटॅमिन' म्हणू नका.

कातळफूल

पुडीवाला, खूप आभार. आत्ताच फोन केला. उपाशीपोटी कसलं, आदल्या रात्री वाडीत पूजेचं जेवण होतं आणि सकाळी चहा-खारी खाऊनच गेले होते! हिरड्यांचं विचारलं तर "थोडं येतं, त्यात काय" म्हणाले. सोमवारी डबा आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन मी स्वतः जातेय. तोवर कॅप्सूल बंद, आईने डबा तांदळाच्या पिंपामागे ठेवलाय.

कोकमाचं राहिलंच.

सोलकढी_विदाउट_फोडणी

ते मी सांगते, आमचा घरगुती आगळाचा धंदा आहे. कोकमात रंगद्रव्यं आणि गार्सिनॉल असतं, ती अँटिऑक्सिडंट आहेत हे खरं. पण आगळ टिकतं ते मिठावर. आम्ही रसात घालतो ते मीठ बघितलंत तर बीपीवाल्याला रोज देणार नाही. अमृत कोकमात मीठ कमी पण साखर भरपूर, म्हणजे ट्रायग्लिसराइडवाल्याला तेही नको. बिनमिठाची सोलं (कोकमाची वाळवलेली सालं) मागून घ्या, रात्री पाण्यात भिजत घाला, सकाळी कुस्करून गाळा. मिठाची सोलं दिसायला जास्त ओलसर असतात, दुकानदार काहीही म्हणू दे, एक चाखून बघूनच घ्या.