मदत हवी आहे: हायड्राच्या प्रयोगासाठी अल्स्टरपॉलोन हे रसायन, पुण्यात कुणाकडे?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एम.एस्सी. प्राणिशास्त्र करतेय, प्रोजेक्ट हायड्रा या गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या प्राण्यातल्या विंट सिग्नलिंगवर (पेशींना निरोप पोचवणाऱ्या एका मार्गावर) आहे.

हायड्राचं डोकं कुठे असावं हे हाच मार्ग ठरवतो. पेशीतलं जीएसके-३ हे एन्झाइम एरवी बीटा-कॅटेनिन, म्हणजे विंटचा निरोप पुढे नेणारं प्रथिन, साचू देत नाही. अल्स्टरपॉलोनने ते अडवलं की बीटा-कॅटेनिन केंद्रकात शिरतं आणि सगळ्या धडालाच डोक्याचे गुण येतात. ५ मायक्रोमोलर द्रावणात २४ तास ठेवून साध्या माध्यमात हलवलं, की काही दिवसांत धडावर जागोजागी टेंटॅकल्सची (तोंडाभोवती असतात त्या सोंडांची) बारीक टोकं फुटतात. हे मला स्वतःच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचंच आहे!

अडचण पैशांची. बाटली महाग, आणि मला लागणार जेमतेम चिमूटभर. पुण्यातल्या कुठल्या लॅबमध्ये डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेला थोडा साठा उरला असेल तर कृपया सांगा, मी येऊन घेऊन जाईन. गाईडच्या सहीचं पत्र आणेन.

मॅडम म्हणतात लिथियम क्लोराइड वापर, तेही जीएसके-३ अडवतं आणि स्वस्त आहे. पण लिथियम इनॉसिटॉलच्या मार्गातही (पेशीतल्या निरोपांच्या दुसऱ्या एका मार्गात) ढवळाढवळ करतं, आणि त्याने हायड्राला भलत्या जागी पायही फुटतात. मग दिसलेला परिणाम विंटचाच, हे परीक्षकांना कशावरून पटवायचं? कुणी दोन्ही वापरून पाहिलंय का?

आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर बरंच काम झालंय, ‘इंड-पुणे’ हा वाण इथलाच. तिथे शिकलेलं कुणी ग्रुपवर असेल तर जरूर बोला. डीएमएसओचं प्रमाण कंट्रोलमध्येही (अल्स्टरपॉलोन न दिलेल्या हायड्रांमध्ये) तेवढंच ठेवणार आहे, पण हायड्राला ते किती टक्क्यांपर्यंत सोसतं?