गड्ड्याच्या यात्रेच्या जुन्या निगेटिव्ह : स्कॅनमधला रवाळपणा कसा कमी करावा?

प्रश्न

नमस्कार. माझ्या वडिलांनी १९९० च्या दशकात सोलापुरात, सिद्धेश्वराच्या यात्रेत (म्हणजेच गड्ड्याच्या यात्रेत) काढलेल्या ३५ मिमी रंगीत निगेटिव्ह मी घरच्या फ्लॅटबेड स्कॅनरवर स्कॅन करीत आहे. रोल बहुतेक ४०० आयएसओचे (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता) आहेत. दुपारच्या उन्हात काढलेल्या छायाचित्रांत नंदीध्वजधारकांच्या पांढऱ्या बाराबंदीवर आणि आकाशावर रवा सांडल्यासारखे ठिपके दिसतात, तर रात्रीच्या मिरवणुकीत काळोखभर लाल-निळे कण उमटले आहेत. नॉईज रिडक्शन (ठिपके पुसण्याची सोय) वाढवले की ठिपके जातात, पण चेहरे मेणाचे दिसू लागतात आणि आजोबांच्या मिशीचा नुसता काळा डाग उरतो. स्कॅन ४८०० डीपीआयला, जेपेगमध्ये आणि शार्पनिंग चालू ठेवून केले आहेत. कुठे चुकते आहे?

उत्तर १

आपण ज्याला एकच दोष समजत आहात ते दोन वेगळे दोष असावेत, आणि दोहोंवर एकच उपाय केल्यामुळेच मिशी पुसली जात आहे. पट्टी मुळीच न हलवता एकच फ्रेम दोनदा स्कॅन करावी आणि दोन्ही चित्रे दोनशे टक्के मोठी करून शेजारी ठेवावीत. जो ठिपका दोन्हींत त्याच जागी आहे तो फिल्मचा ग्रेन, म्हणजे फिल्ममधलेच कण. जो जागा बदलतो तो स्कॅनरचा नॉईज, म्हणजे सेन्सरची खरखर.

बाराबंदीवरच ठिपके का, याचेही कारण आहे. जे छायाचित्रात पांढरे ते निगेटिव्हवर सर्वांत दाट असते, त्यामुळे तिथून सेन्सरपर्यंत फार थोडा प्रकाश पोहोचतो आणि सेन्सरची स्वतःची खरखर वर येते. (स्लाइडमध्ये हेच उलटे, सावल्यांत घडते.) स्कॅनिंगच्या प्रणालीत एकाच फ्रेमचे अनेक नमुने घेऊन त्यांची सरासरी काढण्याची सोय असेल तर ती वापरावी : ४ नमुन्यांनी असा नॉईज निम्मा होतो, १६ नमुन्यांनी चौथाई. ग्रेन मात्र यामुळे तसूभरही कमी होणार नाही, कारण तो फिल्ममध्येच आहे.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण रात्रीच्या छायाचित्रांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे निगेटिव्हला मुळातच प्रकाश कमी मिळालेला असतो. अशा पातळ भागात प्रामुख्याने मोठ्या, अधिक संवेदनशील कणांनीच प्रतिमा धरलेली असते, आणि आपण काळोख उजळवू लागलो की तेच कण ठळक होतात. म्हणून काळोख काळाच राहू द्यावा. मशालीच्या उजेडात जेवढे चेहरे दिसले तेवढेच त्या रात्रीचे खरे चित्र आहे, असे मला मनापासून वाटते.

लाल-निळ्या कणांसाठी चित्र ‘लॅब’ रंगपद्धतीत (जिथे उजेड एका चॅनेलमध्ये आणि रंग ‘ए’ व ‘बी’ या दोन चॅनेलांत वेगळे साठवतात) न्यावे आणि फक्त ‘ए’ व ‘बी’ चॅनेल हलकेच धूसर करावेत. डोळ्याला रंगातली धूसरता फारशी जाणवत नाही. मिशीचे केस उजेडाच्या चॅनेलमध्ये असतात आणि त्याला आपण हात लावलेला नसतो.

स्कॅन करतानाच शार्पनिंग बंद ठेवावे, कारण ते प्रत्येक कणाला कड काढून देते, आणि फाइल जेपेगऐवजी तपशील न गाळणाऱ्या १६ बिट टिफमध्ये साठवावी. फ्लॅटबेडवर छापलेला ४८०० चा आकडा प्रत्यक्ष तपशिलात क्वचितच उतरतो, तेव्हा स्कॅन ४८०० ला करून चित्र २४०० पर्यंत लहान करावे. शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळून ठिपके आपोआप मऊ होतात, आणि सुमारे ३४०० बाय २२७० पिक्सेल उरतात, म्हणजे ३०० डीपीआयने सव्वाअकरा बाय साडेसात इंचांची छपाई निर्धास्त होते.

उत्तर ३

एक सावधगिरी : संग्रहात जुने कृष्णधवल रोल असतील तर धूळ काढण्याची इन्फ्रारेड सोय त्यांच्यासाठी बंद ठेवावी. रंगीत निगेटिव्हमधली चांदी धुलाईत निघून जाते, पण कृष्णधवल फिल्ममध्ये ती तशीच राहते आणि इन्फ्रारेड किरण अडवते, त्यामुळे यंत्र प्रतिमेलाच धूळ समजून पुसू लागते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पट्टी आणि काच आधी हवेच्या फुग्याने झटकणे हेच उत्तम.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री एक फ्रेम दोनदा स्कॅन करून पाहिली. बाराबंदीवरचे बरेच ठिपके जागा बदलत होते आणि १६ नमुन्यांनंतर कापडाच्या चुण्या प्रथमच स्पष्ट दिसल्या. आकाशातले दाणे मात्र दोन्ही स्कॅनमध्ये जागच्या जागी होते. ते मी आता तसेच ठेवणार आहे. स्कॅनला प्रत्येक फ्रेममागे बराच वेळ लागतो, म्हणून १६ नमुने फक्त दुपारच्या फ्रेमसाठी घेईन आणि रात्रीच्यांना ‘लॅब’चा उपाय करून पाहीन.