गंजाचे पोपडे टिपताना चौकटीबाहेर काय राहते?

मूळ मत :
परवा एका लोखंडी दाराचा जेमतेम चार बोटे रुंदीचा तुकडा मी जवळून टिपला. निळ्या रंगाचा पापुद्रा कडेने वर वळला होता आणि पृष्ठभागाला चाटून जाणाऱ्या सकाळच्या उन्हामुळे त्याची सावली खालच्या नारिंगी गंजावर बारीक रेघेसारखी उमटली होती. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो आतून फुगत रंगाला उचलून धरतो. छायाचित्रात दार ओळखू येत नाही, तरीही ते मला पूर्ण वाटते. अशा अमूर्त छायाचित्राला विषयाच्या ओळखीची गरजच नसते, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १ :
मी असहमत आहे. आकार गंजानेच घडवला असेल, तर त्यात छायाचित्रकाराचे काय? शिवाय ओल धरलेल्या भिंतीचे पोपडे ज्याच्या अंथरुणावर गळतात, त्याला त्यात रंगसंगती दिसत नाही. चौकट आवळली की तो माणूस बाहेर राहतो आणि पडझडीचे कारणही. अमेरिकी छायाचित्रकार आरन सिस्किंड यांनी १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमधील हार्लेम वस्तीतील जीवन टिपले आणि १९४० च्या दशकात ते सोललेल्या रंगांकडे व फाटक्या भित्तिपत्रकांकडे वळले. मला त्यांचे आधीचे काम अधिक मोलाचे वाटते.

मूळ लेखक :
चौकट कोठे थांबवायची आणि ऊन कोणत्या कोनात येईपर्यंत वाट पाहायची, हे गंज ठरवत नाही. त्याच दाराची समोरून ऊन पडलेली छायाचित्रे मी काढून टाकली, कारण सावली जाताच पापुद्र्याचा नुसता डाग झाला होता. राहत्या घराच्या भिंतीबाबतचा आपला आक्षेप मात्र मला खोडता येत नाही.

प्रतिसाद २ :
सिस्किंड यांच्या सोललेल्या रंगाच्या एका प्रसिद्ध छायाचित्राचे नाव केवळ 'जेरोम, ॲरिझोना, १९४९' असे आहे. जेरोम हे अमेरिकेतील, तेव्हा तांब्याच्या खाणींवर जगणारे गाव. तेथील मोठी खाण १९५३ मध्ये बंद पडली. एवढ्याशा नावामुळे पाहणाऱ्याला त्या गावापर्यंत जाण्याची वाट मिळते.

प्रतिसाद १ :
वाट मिळते, हे मान्य. पण ती छायाचित्राने नव्हे, नावाने दिली. आणि मूळ मत तर ओळखीची गरजच नाही, असे होते.