ताई म्हणते चेफालू: घरच्या ग्रुपवर सहलीची बोलणी

आत्या: ग्रीसच्या सँटोरिनी बेटाचं ठरत होतं ना? त्याचं काय झालं?

दादा: तिथे पायऱ्याच पायऱ्या गं. आईच्या गुडघ्यांना नाही झेपायचं. ताई चेफालू म्हणतेय, इटलीत, सिसिली बेटावर.

ताई: हो, चेफालूच करू या. ऑफिसच्या कामाला सिसिलीतल्याच पालेर्मो शहरात गेले होते, तेव्हा एक रविवार तिथे काढला. रेल्वेने तासाभराचा रस्ता, स्टेशनवरून चालत गावात. वाळूचा किनारा गावाला अगदी चिकटून. आठ दिवस एकाच घरात राहू, रोज उठून बॅगा भरणं नको. सहा दिवसांत रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस अशी धावपळ आईला कशाला?

काकू: पण वहिनींना बघायला काय आहे तिथे?

ताई: एक जागा मला आईलाच दाखवायचीय. जुन्या गावातल्या गल्लीत काळ्या दगडाच्या पायऱ्या उतरलं की धुणं धुवायची जागा लागते, मध्ययुगातली. चेफालीनो नदीचं पाणी सिंहांच्या तोंडातून दगडी कुंडांत पडतं. काठाला कपडे घासायचे तिरके दगड, गुळगुळीत झालेले. हात घातला तर पाणी थंडगार. आई, मला तुझा नदीवरचा धुण्याचा दगड आठवला आणि तिथून पाय निघेना.

आई: पायऱ्या किती आहेत?

ताई: थोड्याच, आणि रुंद आहेत. मी हात धरते. गावामागचा ला रोक्का कडा २७० मीटरचा, तो दादा आणि पोरं चढतील. आपण कॅथेड्रलसमोरच्या चौकात बसू. राजा दुसऱ्या रॉजरने ते ११३१ मध्ये बांधायला घेतलं. आतला सोनेरी मोझॅइकमधला ख्रिस्त ११४८ चा, मान वर करून बघतच राहावं असा. खांदे झाकायला ओढणी घ्या.

आत्या: माझ्या जेवणाचं काय?

ताई: पानेल्ले खा आत्या! हरभऱ्याच्या पिठाच्या पातळ वड्या तळून पावात घालतात. शिवाय वांग्याची आंबटगोड कापोनाता. आरांचिना, म्हणजे भाताचा तळलेला गोळा, मात्र विचारून घ्यायची, आत बरेचदा खिमा असतो. घराला स्वयंपाकघर असेलच, तूरडाळ नेऊ.

काकू: सप्टेंबरअखेर पितृपक्ष लागतो. आप्पांची तिथी अष्टमीची आहे, विसरू नका.

ताई: नाही विसरले काकू. श्राद्ध घरी करून दुसऱ्या दिवशी निघू. ऑक्टोबरच्या सुरुवातीला समुद्र पोहण्याइतका उबदार असतो, एखादी सर आली तर आली. ऑगस्ट नकोच. १५ तारखेला फेर्रागोस्तोची सुट्टी, किनाऱ्यावर चटई टाकायला जागा मिळत नाही.

दादा: मग व्हिसाचं बघतो. इटलीला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचे मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५. ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, शेवटच्या क्षणी नको. सगळ्यांनी रविवारपर्यंत पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मला वेगळा पाठवा, ग्रुपवर नको.

आई: माझा कपाटात वरच्या कप्प्यात आहे. रविवारी येशील तेव्हा काढून दे, माझा हात पोचत नाही.